सांवेरजवळची अकरा एकर काळी जमीन: आणखी खोल बोअर घ्यावी की शेततळे करावे?

प्रश्न: क्षिप्राकाठ (रामबाग, इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूर जिल्ह्यातल्या सांवेरच्या अलीकडे आमच्या कुटुंबाची अकरा एकर काळी जमीन आहे. राहणे इंदुरात असले तरी शेती आम्ही दोघे भाऊ स्वतः पाहतो, बटाईने दिलेली नाही. खरिपात सगळीकडे सोयाबीन असते आणि रब्बीत सात एकर गहू, दोन एकर लसूण व दोन एकर हरभरा असा क्रम बरीच वर्षे चालत आला आहे. पाण्यासाठी वडिलांच्या वेळची चाळीस फुटांची विहीर आणि ४२० फुटांची एक बोअर आहे. विहीर दिवाळीनंतर फार दिवस साथ देत नाही. बोअर मात्र पेरणीपूर्वीचा पलेवा (रान ओलवण्याचे पाणी) आणि गव्हाच्या पहिल्या दोन पाळ्या नीट काढते. संक्रांतीच्या सुमारास तिचा जोर ओसरतो, पंप थोडा वेळ चालून हवा ओढू लागतो, आणि नेमका त्याच वेळी गहू ओंबीवर येत असतो व लसणाचीही पाळी टाळता येत नाही.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की सातशे फुटांची नवी बोअर घ्यावी. शेजारच्या दोघांनी तशा घेतल्या. एकाला पाणी लागले, दुसऱ्याची कोरडी गेली. मला शेततळे करावेसे वाटते, कारण आमच्या बांधाला लागून एक नाला वाहतो आणि पावसाळ्यात त्याचे पाणी डोळ्यांदेखत निघून जाते. पण तळ्यात जवळजवळ एकरभर काळी जमीन जाईल, आणि ते घरात सर्वांच्या गळी उतरवणे सोपे नाही. तिसरा विचार असा की नर्मदेचे पाणी जलवाहिनीने आपल्या भागात येणारच आहे, तर तोवर थांबावे. यंदा यांपैकी एकाच कामाला पैसे लावता येतील. ज्यांनी माळव्याच्या जमिनीत हे केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कारणांसह सांगावे, म्हणजे ते मला घरी मांडता येईल.

उत्तर: खडकपाणी (निवृत्त भूजलतज्ज्ञ, इंदूर)

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर जमिनीखालच्या खडकात आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

माळव्याचे पठार लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेले आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र व झिजलेला असतो, खालचा भाग घट्ट असतो, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल मातीचा पट्टा सापडतो. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खाली जिथे भेगा किंवा सच्छिद्र पट्टे आहेत तिथे. घट्ट बेसाल्टमध्ये पाण्याला जागाच नसते. गंगेच्या मैदानातल्या गाळात एक घनमीटर मातीतून जेवढे पाणी मिळते त्याच्या एक दशांशाइतकेही आपल्या खडकातून पुष्कळदा मिळत नाही. येथे आकारमानाच्या एक ते तीन टक्के एवढाच साठा धरला जातो. त्यामुळे पावसाळा संपताना भरलेली बोअर दोन-अडीच महिन्यांत रिकामी होणे हा आपल्या बोअरचा दोष नाही, ते या खडकाचे मापच आहे.

आता आपल्या जमिनीपुरता हिशेब करू. इंदूरच्या परिसरात वर्षाला सरासरी ९५० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बेसाल्टच्या प्रदेशात पावसाचा साधारण सात ते तेरा टक्के हिस्सा भूजलात उतरतो असे गणनेत धरतात. मध्यावरचे दहा टक्के घेतले तर आपल्या ४.४५ हेक्टरांवर वर्षाला सुमारे ४,२०० घनमीटर पाणी जमिनीत मुरते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण खडकातले पाणी बांध पाहून थांबत नाही. आपले पाणी शेजारी जाते आणि शेजाऱ्याचे आपल्याकडे येते. परंतु आजूबाजूचे सगळेच उपसा करत असताना वर्षाची आवक एवढीच आहे असे समजणे शहाणपणाचे ठरते. सांवेर, देपालपूर आणि इंदूर हे विकासखंड (तालुक्यासारखे प्रशासकीय भाग) केंद्रीय भूजल मंडळाने अतिदोहित गटात घातलेले आहेत, म्हणजे तिथे वर्षभरात मुरते त्यापेक्षा जास्त उपसले जाते.

सातशे फुटांवर पाणी लागणार नाही असे मी म्हणत नाही. एखादी भेग लागली तर पहिली दोन-तीन वर्षे जोरदार पाणी मिळते, पण ते फार जुने साठलेले पाणी असते किंवा त्याच भेगेतून शेजाऱ्याच्या बोअरकडे जाणारे असते. खोल बोअर घेतल्याने आवक वाढत नाही, खर्च करण्याचा वेग तेवढा वाढतो. शिवाय दीडशे मीटर खोलीवरून एक घनमीटर पाणी वर आणायला पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते आणि पातळी खाली गेली की हा आकडा चढत जातो. माझे मत स्पष्ट आहे: या वर्षीचे पैसे त्या खड्ड्यात घालू नका.

आणखी एक काम लगेच करण्यासारखे आहे. दोनशे लिटरचा पिंप बोअरच्या पाण्याने किती सेकंदांत भरतो ते दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहा, आणि विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजा. दोन रब्बी हंगामांची अशी नोंद असली की कोणत्याही विक्रेत्याला किंवा नातलगाला उत्तर देणे सोपे जाते.

उत्तर: देवास रस्ता

आमची शेती देवास जिल्ह्यात आहे, म्हणून शेततळ्याविषयी लिहितो. देवासची परिस्थिती आपल्यापेक्षा बिकट होती. १९९० मध्ये देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे इंदूरच्या ज्येष्ठांना आठवत असेल. पुढे २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांशी बोलून आपापल्या शेतात तळी खोदण्याची मोहीम उभी केली. या तळ्यांना रेवा सागर म्हणतात. त्यामागचा नियम साधा होता: जमिनीचा सुमारे दहावा भाग पाण्याला द्यायचा. आपल्या अकरा एकरांत एकर जाईल ही जी अडचण घरात वाटते आहे ती नेमकी हीच आहे. माझ्या माहितीतल्या ज्यांनी ती जमीन दिली त्यांच्या उरलेल्या नऊ भागांत रब्बीचे पीक खात्रीने उभे राहू लागले. पूर्वी पाणी पुरेल तेवढेच पेरणे भाग असे आणि दरवर्षी एक-दोन भाग पडीक राहत.

मापे सांगतो. वरच्या तोंडाला ५० बाय ४० मीटर, खोली चार मीटर आणि काठांचा उतार एकास दीड ठेवला तर तळ ३८ बाय २८ मीटर होतो व तळ्यात सुमारे ६,००० घनमीटर पाणी मावते. पाण्याखाली अर्धा एकर जातो, भोवतीचा बांध आणि ये-जा धरून एकराला थोडे कमी. ते भरेल का, हा पुढचा प्रश्न. काळ्या जमिनीवर पडलेल्या पावसाचा पाचवा हिस्सा जरी वाहून आला तरी आपल्याच शेतातून आठ हजार घनमीटरांहून अधिक पाणी निघते, त्यामुळे शेताचा उतार तळ्याकडे असेल तर ते भरायला अडचण नाही. नाल्याचे पाणी ही जोड समजा. नाला अडवू नका. त्याला बाजूने एक तोंड काढून पुराचे पाणी तेवढे आत घ्या, म्हणजे खालच्या शेतकऱ्यांशी वाद होत नाही आणि नाल्याचा मार्गही तसाच राहतो.

बाष्पीभवनाला घाबरून पुष्कळ लोक तळे टाळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर साधारण साठ सेंटीमीटर पाणी उडते असे धरले तर सहा हजारांतले हजारएक घनमीटर जातील आणि पाच हजार हाताशी राहतील. एप्रिल-मे मध्ये मात्र दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडते, म्हणून तळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्याच्या मोहात पडू नये. ते रब्बीतच, फेब्रुवारीपर्यंत, पिकाला देऊन मोकळे व्हावे.

खरी जोखीम पाझराची आहे. वरची काळी माती पाणी धरते, पण तिची जाडी प्रत्येक शेतात वेगळी असते आणि खाली मुरूम लागला की पाणी धरून ठेवणे कठीण होते. आधी जेसीबीने दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या. काळी माती अडीच-तीन मीटरपर्यंत असेल तर तळ तेवढाच खोल ठेवून लांबी-रुंदी वाढवणे मी पसंत करीन. मुरूम वरच असेल तर प्लास्टिकचे अस्तर घालावे लागेल आणि खर्च वाढेल. अस्तर नसलेल्या तळ्याचा पाझर अगदी वाया जातो असेही नाही, कारण तो आपल्याच विहिरीला येऊन मिळतो. आमच्याकडे तळ्याच्या उताराकडच्या विहिरी पूर्वीपेक्षा उशिरापर्यंत टिकतात.

उत्तर: वाफसा (कृषी पदवीधर, इंदूर)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु पाणी कुठून आणायचे यापूर्वी पाणी किती लागते हे मांडायला हवे होते असे मला वाटते. एक एकर जमिनीवर सहा सेंटीमीटरांची एक पाळी म्हणजे साधारण २४० घनमीटर पाणी. आपल्या सध्याच्या पद्धतीत सात एकर गव्हाला पलेवा धरून पाच पाळ्या म्हणजे ८,४००, दोन एकर लसणाला चार सेंटीमीटरांच्या दहा पाळ्या म्हणजे ३,२००, आणि हरभऱ्याची एक पाळी ४८०. एकूण सुमारे १२,००० घनमीटर. खडकपाणी यांनी वर्षाची आवक ४,२०० सांगितली आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की संक्रांतीला पंप हवा का ओढतो याचे दुसरे कारण शोधावे लागत नाही. तळ्याचे पाच हजार मिळवले तरी बारा हजारांची भरपाई होत नाही, म्हणून पीकपद्धती न बदलता केवळ तळे केले तर तेही आपल्याला पुरणार नाही.

पहिली सुधारणा पलेव्यापासून करा. आपल्या काळ्या मातीची मीटरभर खोली पंधरा ते वीस सेंटीमीटर उपयुक्त ओल धरून ठेवते, म्हणजे जवळपास तीन पाळ्यांचे पाणी सप्टेंबरअखेर जमिनीत फुकट साठलेले असते. सोयाबीन काढल्यावर शेत उघडे ठेवून दोन-तीन वेळा कल्टिव्हेटर फिरवला की वरची ओल जाते आणि मग बोअरच्या पाण्याने पलेवा करावा लागतो. जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ यांसारखे तीन महिन्यांच्या आत येणारे सोयाबीन घेतले, काढणी होताच एकच हलकी मशागत करून पाटा फिरवला आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हरभरा पेरला, तर पावसाच्या ओलीवर तो उगवतो. त्याला फुलोऱ्यापूर्वी तुषार सिंचनाची एक पाळी दिली तर पुरते. भर फुलोऱ्यात मात्र पाणी देऊ नये.

गव्हाच्या बाबतीत जात बदलणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पूसा तेजस हा कठिया (कडक दाण्याचा, रव्याचा) गहू उत्तम आहे, पण त्याला पूर्ण पाणी हवे. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने कमी पाण्यासाठी दिलेल्या हर्षिता (एचआय १५३१) आणि मालवकीर्ती (एचआय ८६२७) यांसारख्या जाती ऑक्टोबरअखेर ते १० नोव्हेंबरपर्यंत ओलीवर पेरून दोन पाळ्यांवर येतात. पहिली पाळी ३५ ते ४० दिवसांनी आणि दुसरी ७० ते ८० दिवसांनी. पाणी भरपूर असताना आपण एकविसाव्या दिवशी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी पहिले पाणी देतो आणि ते बरोबरच आहे. परंतु ज्याच्याकडे दोनच पाळ्या आहेत त्याने पहिली पाळी इतक्या लवकर खर्च केली, तर ओंबी भरताना हातात काही उरत नाही. उत्पादनात पूर्ण पाण्याच्या गव्हापेक्षा एकरी चार-पाच क्विंटलांचा फरक धरून चालावे. हा फरक मी लपवत नाही, कारण घरात हाच मुद्दा पहिल्यांदा निघेल. त्यावर उत्तर असे आहे की चौथी पाळी न मिळालेला पूसा तेजस आजही आपल्याला पूर्ण उत्पादन देत नाही.

माझी मांडणी अशी: एक एकर तळ्याला, पाच एकर कमी पाण्याचा गहू, चार एकर हरभरा आणि एकच एकर लसूण, तोही ठिबकवर. गव्हाला २,४००, हरभऱ्याला तुषारच्या चार सेंटीमीटरांच्या एका पाळीने ६४० आणि लसणाला सुमारे १,२०० घनमीटर लागतील. बेरीज ४,२४० होते. एखाद्या उष्ण वर्षी गव्हाला तिसरी पाळी द्यावी लागली तरी साडेपाच हजारांच्या आत राहता. म्हणजे तळे भरले तर बोअर जवळजवळ राखीव राहते. लसूण कमी करणे जड जाईल याची मला कल्पना आहे, भाव असतो तेव्हा तोच घर चालवतो. पण आपल्या शेतात एकरामागे सर्वांत जास्त पाणी तेच पीक पिते.

पाणी देताना काळ्या जमिनीच्या भेगांचा विचार करावा. रान कोरडे ठणठणीत होऊन मोठ्या भेगा पडल्यावर पाणी सोडले तर ते वाफ्याच्या तोंडाशीच खाली उतरत राहते आणि शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर दुप्पट पाणी जाते. भेगा रुंदावण्यापूर्वी पाळी द्या, वाफे आखूड ठेवा, आणि शक्य तिथे स्प्रिंकलर वापरा.

प्रश्नकर्ता: क्षिप्राकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाफसा यांचा बारा हजारांचा आकडा मी भावाला वाचून दाखवला आणि तो प्रथमच खोल बोअरविषयी थांबून बोलला. पिंपाची चाचणीही केली. या आठवड्यात दोनशे लिटरला दोन मिनिटे चाळीस सेकंद लागली आणि तीन तासांनी पंप बंद करावा लागला. नोव्हेंबरात याच बोअरवर एक एकर भिजायला दहा तासांच्या विजेचे अडीच दिवस पुरत होते.

दोन शंका उरल्या आहेत. तळे पावसाने अपुरे भरले तर ऑक्टोबरमध्ये बोअर चालवून ते भरून घ्यावे का? आमच्या गावात एकाने तसे केले आहे. आणि नर्मदेच्या पाण्याविषयी कोणीच लिहिले नाही.

उत्तर: पाटबंधारे (निवृत्त अभियंता, इंदूर)

पहिल्या शंकेचे उत्तर ठामपणे नाही असे देतो. आपल्या आकड्यांवरून बोअर नोव्हेंबरात ताशी दहा घनमीटरांच्या आसपास देत होती आणि आता साडेचार देते, तीही तीनच तास. जमिनीखाली जे पाणी उडत नाही ते वीज खर्चून उघड्यावर आणायचे आणि मग उन्हाला द्यायचे, यात शेतकऱ्याचे आणि गावाचे दोघांचेही नुकसान आहे. ज्याची बोअर जोरदार तो ऑक्टोबरमध्येच सामाईक साठा आपल्या तळ्यात ओढून घेतो आणि शेजारच्या विहिरी कार्तिकातच आटतात. अपवाद एकच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपली चाळीस फुटी विहीर काठोकाठ भरलेली असताना तिचे पाणी तळ्यात घेता येते, कारण ती पुढच्या पावसाने पुन्हा भरते.

याउलट तळ्याचे किंवा शेताचे पाणी थेट बोअरमध्ये सोडून पुनर्भरण करण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नका. सोयाबीनवर मारलेले तणनाशक व कीटकनाशक त्या पाण्यात असते आणि नळीतून ते माती न ओलांडता खडकात जाते. पुनर्भरण करायचेच तर विहिरीपासून थोड्या अंतरावर गिट्टी, वाळू भरलेला खड्डा घेऊन जमिनीतूनच मुरू द्या. तसेच आपला नाला कान्ह नदीचे पाणी घेणारा नाही याची खात्री करून घ्या. कान्ह इंदूर शहराचे सांडपाणी घेऊन सांवेरकडे येते आणि ते पाणी तळ्यात साठवण्याजोगे नाही.

आता नर्मदेविषयी. राज्यांमधील नर्मदा पाणीतंट्याच्या १९७९ च्या लवाद निवाड्यात नर्मदेच्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी १८.२५ मध्य प्रदेशाला मिळाले, आणि त्यातले काही माळव्यात आणण्याच्या योजना त्यातूनच निघाल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड सुरू झाला. त्यात ओंकारेश्वरच्या बाजूचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उचलून उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमाशी सोडतात. नर्मदा-माळवा-गंभीर जोड हा सिंचनासाठी आहे आणि त्यात दाबाच्या नळांतून शेतापर्यंत पाणी देण्याची रचना आहे. आपले पठार उत्तरेकडे, चंबळ-यमुनेकडे उतरते आणि नर्मदा दक्षिणेला विंध्याच्या खाली वाहते, त्यामुळे हे पाणी प्रत्येक थेंबागणिक डोंगर चढून येते. एक घनमीटर पाणी साडेतीनशे मीटर चढवायला पंपाची कार्यक्षमता धरून सुमारे १.३ ते १.४ युनिट वीज लागते. आपल्या पद्धतीची एक एकराची एक पाळी म्हणजे त्या उचलण्यातच सव्वातीनशे युनिट झाली. या हिशेबामुळे असे पाणी मोजून आणि पाळीनेच मिळणार, आणि ते स्प्रिंकलरला जोडूनच परवडणार. आपले गाव लाभक्षेत्राच्या यादीत आहे का, हे नर्मदा खोरे विकास प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावे. ते असले तरी माझा सल्ला बदलत नाही. पाळीचे पाणी आपल्या गरजेच्या दिवशीच येईल असे नसते, आणि ज्याच्याकडे तळे आहे तोच ते धरून ठेवून ओंबी भरतेवेळी देऊ शकतो. तळ्याची जागा निवडतानाच जलवाहिनीचे तोंड कुठे येऊ शकेल याचा विचार ठेवलात तर पुढे खर्च वाचेल.

उत्तर: देवास रस्ता

एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या होत्या. खोदताना वरची दोन फूट काळी माती वेगळी काढून ठेवा आणि शेतातल्या हलक्या तुकड्यावर पसरा. मुरूम बांधाला आणि रस्त्याला वापरा. पाणी आत येण्याच्या तोंडाशी लहान गाळखड्डा करा, तो दरवर्षी मे मध्ये उपसला की मुख्य तळ्यात गाळ कमी जातो. जादा पाणी बाहेर पडायचा सांडवा दगडाने बांधून घ्या आणि तो बांधाच्या माथ्यापेक्षा निदान दोन फूट खाली ठेवा, कारण आपल्याकडे एका रात्रीत मोठा पाऊस होतो आणि सांडवा नसलेला बांध तेवढ्यानेच फुटतो. अस्तर घातले तर तळ्याभोवती तारेचे कुंपण अवश्य करा, ओल्या प्लास्टिकवरून माणसालाही वर येता येत नाही. मध्य प्रदेश शासनाच्या बलराम ताल (शेततळे) योजनेतून अनुदान मिळू शकते. अर्ज खोदाईपूर्वी करायचा असतो, म्हणून चाचणीचे खड्डे झाले की लगेच कृषी विभागात चौकशी करावी. आणि मेअखेरपर्यंत काम पूर्ण झाले नाही तर पहिल्या पावसाचे पाणी आत घेऊ नका, तोंड बंद ठेवून काठ पक्के झाल्यावरच ते उघडा.